चारचौघांत इज्जत कशी काढावी : होतकरू सभासदांसाठी

गेल्या महिन्यात कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये यादी लागली. "थकबाकीदार", लाल ठळक अक्षरात, फ्लॅट नंबरसकट, आणि त्यात माझं नाव. मेंटेनन्स मी भरलेला होता, ऑनलाइन, ट्रान्झॅक्शन नंबर खजिनदारांना पाठवला होता, ब्लू टिकही आलेल्या. पण ते बँक स्टेटमेंट बघतात महिनाअखेरीला आणि यादी लावतात एक तारखेला, त्याला कोण काय करणार! तर ज्यांना ही कला अजून नीट जमत नाही त्यांच्यासाठी थोडं मार्गदर्शन.

सगळ्यात आधी, विचारू नका. "काय हो, भरलेत का पैसे?" असा फोन केला तर विषय अर्ध्या मिनिटात संपतो, मग यादीचं काय करायचं? सहकार कायद्यात वसुलीची रीतसर वाट आहे म्हणे, पूर्वीचं कलम 101, आता 154 ब-29, निबंधकाकडे अर्ज करा, वसुली दाखला घ्या वगैरे. पण त्यात दूधवाल्याला कळत नाही ना. कुरियरवाल्याला, वरच्या मजल्यावर ट्यूशनला येणाऱ्या पोरांना कळत नाही. त्यासाठी लिफ्टच पाहिजे, आरशाच्या शेजारी.

कोणी आक्षेप घेतलाच तर "शिस्त लागावी म्हणून" म्हणायचं.

आणि अजिबात लाजू नका, आपल्याला परंपरा आहे. 1890 साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा-बिस्किटं पुढे आली आणि गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली, झालं, टिळक-रानड्यांसकट सगळ्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार. खरंच चहा प्यायला कोण आणि नुसता कप हातात घेऊन बसलं कोण, यादीला काय फरक पडतो. रानड्यांना 1892 साली प्रायश्चित्त घ्यावं लागलं, तुम्ही-आम्ही कोण. आपल्या महापालिकेनेही मिळकतकर थकवणाऱ्यांच्या दारात बँड वाजवून झालाय. फक्त पुणेरी पाटीच्या वाटेला जाऊ नका, ती जुनी झाली. पाटी सगळ्या जगाचा अपमान करते पण कोणाचं नाव घेत नाही, त्यामुळे वाचणारा हसून पुढे जातो. आपल्याला कोणी हसून पुढे जायला नकोय.

चूक निघाली तर "कृपया दुर्लक्ष करावे" एवढंच टाकायचं, तेही सकाळच्या सुविचारांच्या गर्दीत. मला हेच मिळालं.

आता फोटो. फोटोशिवाय मजा नाही. सीसीटीव्हीतून स्क्रीनशॉट काढायचा, चेहऱ्याभोवती लाल गोल करायचा आणि खाली "सावध रहा" लिहून सोडून द्यायचं. माणूस मात्र नीट निवडा, ग्रुपवर नसलेला. आमच्या बी विंगमध्ये धुणंभांडी करणाऱ्या मावशी होत्या, एका घरातले कानातले सापडेनात म्हणून त्यांचा असाच फोटो फिरला, पोलिसांत तक्रार नाही, काही नाही, कारण पोलीस विचारतात ना की कशावरून. फोटो संध्याकाळपर्यंत शेजारच्या सोसायट्यांत गेला, गेटच्या ॲपवर त्यांची एंट्री ब्लॉक झाली, होती नव्हती ती सगळी कामं सुटली, फोटो केळेवाडीत त्यांच्या गल्लीतही पोचला आणि मुलगी शाळेत जाईना. आणि मग कानातले निघाले कपाटात, जुन्या पर्समध्ये. ग्रुपवर मेसेज आला, "मिळाले", पुढे हात जोडलेले. जणू कानातलेच स्वतःहून फिरायला गेले होते! त्यावर अभिनंदनाचे अंगठे पण आले, मी बघितलेत. ब्लॉक काढायचं कोणाच्या डोक्यात नाही, शेजारच्या सोसायट्यांना कळवायचं कोणाच्या डोक्यात नाही, आणि मी मीटिंगमध्ये विषय काढला तर अध्यक्ष म्हणतात, "अहो पण त्यांनी काळजीपोटी टाकलं होतं." कोणाच्या काळजीपोटी? अब्रुनुकसानी हा अजूनही गुन्हा आहे, नव्या न्यायसंहितेत कलम 356, दोन वर्षांपर्यंत कैद. पण घाबरू नका, मावशींकडे वकिलाला द्यायला पैसे नसतात, हे बघूनच तर माणूस निवडलाय.

सामाजिक बहिष्कारावरही महाराष्ट्राने 2016 साली वेगळा कायदा केलाय, तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. पण तो तिकडे गावाकडच्या जातपंचायतींसाठी हो! आपण शिकलेले, आपल्याकडे ॲडमिन असतो.

जाऊ दे, नाही जमत मला आता हे उपरोधाने लिहायला. माझं काय, मी पावती तोंडावर फेकून भांडू शकतो, आणि भांडलोही. तरी चार दिवस लिफ्टमध्ये कोणी भेटलं की मी उगाचच "भरलेत हां मी पैसे" म्हणत होतो, न विचारता, आणि समोरचा "हो हो" म्हणत मोबाइलमध्ये बघत होता. ज्याला ग्रुपवर उत्तर द्यायची पण सोय नाही त्याने काय करायचं? शिस्त-बिस्त काही नाही, मजा येते तुम्हाला. यादीत आपलं नाव नाही हे बघून बरं वाटतं, म्हणून लावता. स्वतःची गाडी फुटपाथवर लावणारे लोक तुम्ही, तुम्ही कोणाला शिस्त लावणार?

त्या मावशींचं ॲपवरचं ब्लॉक आज काढा. आणि ज्या ज्या ग्रुपवर फोटो टाकला होतात तिथे तिथे, त्यांचं नाव घेऊन, त्या चोर नाहीत असं लिहा. लाल ठळक अक्षरात लिहा, येतं तुम्हाला.