गैरप्रकार सुरळीत पार पाडण्यासाठी मतदारांना सूचना

बीड जिल्ह्यातील सुजाण मतदाराला निवडणुकीतील गैरप्रकारांत अडथळा येऊ द्यायचा नसेल, तर त्याने सर्वप्रथम मतदार यादी उघडून पाहण्याचे टाळावे. कायमचे पुण्याला गेलेले आणि कायमचे वैकुंठाला गेलेले यादीत गुण्यागोविंदाने नांदत असतात. नाव वगळण्याचा अर्ज, म्हणजे नमुना ७, भरून त्यांची ताटातूट करणे शोभत नाही.

ऊसतोड मजुरांविषयी विशेष दक्षता घ्यावी. २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला, म्हणजे धारूर-वडवणीकडच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर जाण्याच्या दिवसांतच आली. या मजुरांना टपाली मतपत्रिका मिळत नाही. परगावाहून मत देता यावे यासाठीचे यंत्र पाहायला निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना बोलावले, तेव्हा विरोधी पक्षांनी आक्षेप घेतले. आता उरतो तो मुकादम आणि उमेदवाराने धाडलेली गाडी. मतदारांची अशी फुकट ने-आण लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे भ्रष्ट आचरण ठरते. म्हणजे स्वतःचा हक्क बजावायला या माणसाला दुसऱ्याच्या गुन्ह्यात बसून यावे लागते. (यावर हसू येत असेल, तर जरूर हसावे.) जे येऊ शकत नाहीत, त्यांचे मत वाया जाऊ नये याची काळजी गावातील उत्साही तरुण घेतात. एखादा मजूर सायंकाळी पोहोचलाच आणि त्याच्या नावावर आधीच मतदान झालेले आढळले, तर ओळख पटवून कागदी मतपत्रिकेवर प्रदत्त मत देता येते, हे त्याला मुळीच सांगू नये.

पोलिंग एजंटाने पहाटेची झोप मोडू नये. मतदानापूर्वी दीड तास अभिरूप मतदान होते आणि किमान ५० मते टाकून यंत्र तपासले जाते. त्या वेळी तेथे हजर राहणाऱ्याला नंतर यंत्राबद्दल मोकळेपणाने बोलता येत नाही. बोगस मतदार समोर आल्यास त्याच्या ओळखीवर आक्षेप घेण्यासाठी २ रुपये भरावे लागतात, आक्षेप खरा ठरला तर ते परतही मिळतात. तरी एवढी जोखीम पत्करू नये. मतदान संपल्यावर झालेल्या मतांचा हिशेब असलेली १७-सीची प्रत केंद्राध्यक्ष देतात; ती न घेताच धाबा गाठावा, कारण तिच्यातील आकडा मतमोजणीच्या दिवशी विनाकारण जुळवून पाहावासा वाटतो.

आदल्या रात्री पाकीट आले तर ते घ्यावे. घेणाराही देणाऱ्याइतकाच लाचखोर ठरतो आणि भारतीय न्याय संहितेत त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे, ही माहिती शेजाऱ्याच्या पाकिटाबद्दल बोलताना वापरावी. निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर नाव न सांगता तक्रार करता येते आणि १०० मिनिटांत कार्यवाही अपेक्षित असते. त्यामुळे मोबाईलमध्ये त्यासाठी जागा नाही असे समजावे.

निकालानंतर उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करण्यास ४५ दिवसांची मुदत असते. ती शांतपणे जाऊ द्यावी आणि ४६व्या दिवशी पारावर बसून, निवडणूक कशी चोरली गेली, हे सर्वांना खणखणीत आवाजात सांगावे.