बंड्याचं हवामान खातं

मँचेस्टरात हिवाळाभर हीटिंग १८ च्या वर न्यायचं नाही असा बायकोचा हुकूम आहे, त्यामुळे मी स्वेटरवर स्वेटर चढवून टीव्ही बघतो आणि त्याच खोलीत चार फुटी लाकडी पेटीत बंड्या ३० डिग्रीत पाय पसरून, म्हणजे जे काय आहे ते पसरून, पडलेला असतो.

बंड्या म्हणजे लेकीचा कॉर्न स्नेक. बिनविषारी, केशरी, स्वभावाने गरीब. ती युनिव्हर्सिटीला गेली, हॉस्टेलात साप चालत नाही, झालं.

सापाच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही, म्हणून पेटीचं एक टोक ३० च्या आसपास आणि दुसरं २२-२४ ठेवायचं, त्याला हवं तिकडे तो सरकतो. ऐकायला सोपंय. गरम टोकाला सिरॅमिक हीटर, हीटरला जाळी, कारण महाशय त्यालाच विळखा घालतात आणि भाजतंय हे त्यांना वेळेवर कळत नाही, हीटरला थर्मोस्टॅट आणि थर्मोस्टॅटचा सेन्सर भिंतीला चिकटवलेला. तो सेन्सर बंड्या रात्री उपटतो आणि थंड टोकाला नेऊन टाकतो. मग थर्मोस्टॅटला वाटतं आत बर्फ पडलाय, हीटर सुटतो सुसाट, की मी मध्यरात्री टॉर्च घेऊन पेटीत डोकं घालून. बरं, ऊब वाढली की हवा कोरडी होते, मग कात तुकड्यातुकड्यात निघते, म्हणून पाणी फवारा, जास्त फवारलं की खाली अंथरलेल्या भुशाला बुरशी!

यूव्हीबी ट्यूबचं, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणाऱ्या दिव्याचं, तर वेगळंच. वर्षभराने ती छान पेटत असते पण आतलं यूव्हीबी संपलेलं असतं, म्हणून चालू ट्यूब काढून टाकायची. हे मी आईला सांगितलेलं नाही. ती बत्तीस शिराळ्याची, नागपंचमीवाल्या, त्यामुळे सापाचं तिला काहीच नाही, व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न, "लाइटबिल किती येतं रे?"

सफाईच्या दिवशी बंड्या क्लिपच्या डब्यात, सगळा भुसा बाहेर, जंतुनाशकाने पेटी पुसा, कोरडी करा, त्याची गुहा आणि पाण्याचं भांडं बाथटबमध्ये धुवा, मग साल्मोनेला जंतूंच्या भीतीने बायको बाथटब परत धुवायला लावते. नवा भुसा अंथरून साहेबांना आत सोडलं की जीभ लपलपवत चारी कोपरे तपासतात, पसंत पडलं की शेपटी वर, आणि कार्यक्रम तिथेच.

लेकीला फोटो पाठवला. म्हणाली, "बाबा, त्याला स्ट्रेस आलाय, दोन दिवस हात लावू नका."

एवढी एक सूचना मी अगदी काटेकोर पाळतो.