‘होत्या’ म्हणालात की दोन प्रश्न फुकट

वाद सुरू झाला तो एवढ्याशा गोष्टीवरून : शनिवारी व्हिडिओ कॉलवर ‘ओळखा पाहू कोण’ खेळायचं (एकानं प्रसिद्ध व्यक्तीचं नाव मनात धरायचं, बाकीच्यांनी हो-नाही उत्तराचे वीस प्रश्न विचारून ते ओळखायचं), तर पहिला प्रश्न कोणता?

पक्याचं मत ठाम. “स्त्री आहे का, हाच.”

सुमाताईंनी तिथंच अडवलं. “मराठीत तो विचारायची वेळच येत नाही रे. उत्तर देणारा दुसऱ्या मिनिटाला बोलून जातो, ‘नाही, त्या काही खेळाडू नव्हत्या.’ झालं! स्त्री आहे हे कळलं, बहुधा हयात नाही हेही कळलं. वीसातले दोन प्रश्न न विचारताच सुटले.”

“मग ‘ती व्यक्ती’ म्हणायचं,” मंग्या म्हणाला.

अण्णांना हे अर्धंच पटलं. ‘व्यक्ती’ स्त्रीलिंगी, त्यामुळे ‘ती व्यक्ती गाते का’ यातून काही फुटत नाही, हे खरं. पण दोन वाक्यांनंतर ‘व्यक्ती’ गळून पडते आणि नुसतं ‘तो’ किंवा ‘ती’ उरतं. त्यांच्या मते ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचा’ ही रूपं सुरक्षित. ‘ते’ आणि ‘त्या’ अजिबात नाहीत. ‘गायक आहेत का’ ऐवजी ‘गायन हे त्यांचं क्षेत्र का’ असं विचारायचं. आणि ज्याच्या मनात नाव आहे त्यानं बोलूच नये. चॅटमध्ये टाइप करायचं आणि तेही तीनच प्रकारे : हो, नाही, सांगता येत नाही.

टाइप करण्याचा आणखी एक फायदा सुमाताईंनी सांगितला. कॉलवर आवाज तुटतो, दोघं एकदम विचारतात आणि ते ‘हो’ नेमकं कोणाला होतं यावर भांडण लागतं. म्हणून सुरुवातीलाच चॅटमध्ये पाळीचा क्रम लिहायचा आणि प्रत्येक उत्तराला आकडा द्यायचा : ‘७. खेळ – हो’. उशिरा आलेल्याला वर सरकवून सगळं वाचता येतं, आणि तोच प्रश्न दोनदा पडत नाही.

मग पहिला प्रश्न? अण्णा म्हणाले, “जो यादी निम्म्यावर आणेल तो. निम्म्या-निम्म्यानं गेलात तर १० प्रश्नांत १,०२४ नावांतून एक निघतं, २० प्रश्नांत १०,४८,५७६ मधून. आपल्या सगळ्यांना मिळून माहीत असलेली नावं फार तर हजार-दोन हजार असतील. म्हणजे वीस प्रश्न भरपूर आहेत. खेळ हरतो तो तिसऱ्याच प्रश्नाला ‘सचिन का?’ विचारणाऱ्यामुळे. ‘नाही’ आलं तर हजारातून एकच नाव गेलं आणि एक प्रश्न संपला.” म्हणून नाव घेणं हाही प्रश्नच मोजायचा, आणि एका खेळाडूला अशी दोनच नावं घेता येतील, हे सर्वांना मान्य झालं. पहिला प्रश्न ‘हयात आहेत का’, दुसरा ‘जन्म १९०० नंतरचा का’, इथवर एकमत.

तिसऱ्यावर पुन्हा जुंपली. पक्या म्हणाला, “महाराष्ट्रातले का?” हा प्रश्न दिसायला सरळ आहे, पण खेळ सर्वांत जास्त यानंच बिघडतो. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म महूचा, लता मंगेशकरांचा इंदूरचा, भीमसेन जोशींचा आजच्या गदग जिल्ह्यातला, म्हणजे कर्नाटकातला. तिघांनाही ‘महाराष्ट्रातले नाहीत’ म्हणायला कोणाची जीभ रेटेल? आणि ‘हो’ म्हटलं तर जन्मगाव धरून चाललेला माणूस चुकीच्या वाटेनं जातो. शिवाय महाराष्ट्र राज्यच १ मे १९६० चं. म्हणून विचारायचं असं : ‘आजच्या नकाशाप्रमाणे जन्म महाराष्ट्रात का?’ किंवा ‘कामाची मुख्य जागा महाराष्ट्र का?’ दोन्ही प्रश्न वेगळे, दोन्हींचं उत्तर पक्कं. ‘राजकारणात होते का’ हाही तसलाच. सचिन तेंडुलकर २०१२ ते २०१८ राज्यसभेत होते, लताबाईही एके काळी होत्या. त्यांना राजकारणी म्हणायचं का? ‘संसदेचं सदस्यत्व होतं का’ विचारा, वाद मिटतो.

अण्णांनी एक डाव तिथल्या तिथे मांडून दाखवला. हयात? नाही. १९०० नंतर जन्म? हो. आजच्या महाराष्ट्रात? हो. कला किंवा साहित्य? नाही. खेळ? हो. सांघिक खेळ? नाही. ऑलिंपिक पदक? हो. सात प्रश्नांत खाशाबा जाधव, १९५२, हेलसिंकी, कुस्तीतलं कांस्य. पण मध्येच कोणी ‘अर्जुन पुरस्कार मिळाला का’ विचारलं असतं तर? मिळाला, पण मरणोत्तर. उत्तर देणारा घुटमळतो आणि ‘सांगता येत नाही’ लिहितो, तिथे धागा सुटतो. मरणोत्तर पुरस्कार धरायचा हे आधीच ठरवावं.

मंग्याला काळजी फोनवर शोधणाऱ्यांची. प्रश्नाला १५ सेकंद दिली की शोधायला वेळच उरत नाही. नाव मध्येच बदलणाऱ्यासाठी उपाय कागदाचा : नाव लिहायचं, घडी घालून कॅमेऱ्यासमोर धरायची, शेवटी उघडायची. सगळ्यांना माहीत आणि एकालाच नाही, असा कपाळावरच्या चिठ्ठीचा प्रकार खेळायचा असेल तर ओळखणाऱ्यानं हेडफोन काढून पाठ करायची, बाकीच्यांनी नाव एकदाच बोलायचं आणि कोणीही चॅटमध्ये लिहायचं नाही. तिथे लिहिलेलं त्यालाही दिसतं, हे ऐन वेळी हमखास विसरलं जातं.

वेळेचा हिशोब सुमाताईंनी केला. झूमच्या फुकट खात्यावर गटाला ४० मिनिटं, गूगल मीटवर ६०. वीस प्रश्नांचा डाव सहा-सात मिनिटं घेतो, म्हणजे झूमवर पाचच डाव नीट बसतात. न्यू जर्सीचे भाचे येणार असतील तर आपली रात्रीची ८:३० धरावी. उन्हाळ्यात त्यांच्याकडे सकाळचे ११, हिवाळ्यात १०.

भाच्यांवरून शेवटचा मुद्दा निघाला, नाव कसं निवडायचं. “अवघड निवडलं की मजा,” पक्या म्हणाला. सुमाताई चिडल्याच. “जे नाव डाव संपल्यावर उघडलं आणि सहापैकी चौघं ‘हे कोण?’ म्हणाले, तो डाव कोणाचाच नाही. निवडणाऱ्याला गुण तेव्हाच, जेव्हा निम्म्याहून जास्त जणांना नाव माहीत होतं आणि तरीही सापडलं नाही.” पक्यानं शनिवारपुरतं मान्य केलं.