‘सहा वर्षं थांबायला आमच्याकडे पैसे नाहीत’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कायद्याची पदवी झटपट मिळवायला आडवाट नाही, असं सांगणाऱ्या ‘एलएलबीला आडवाट नाही’ या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. रागाने लिहिली आहे, पण त्यात मुद्दे आहेत. तिथे दोन ओळी खरडून भागणार नाही, म्हणून हे स्वतंत्र उत्तर.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं, की ताई, तुमचा जम बसलाय म्हणून तुम्हाला घाई दिसत नाही. धाकटा भाऊ बारावी कॉमर्सला आहे, त्याला न्यायाधीश व्हायचंय, घरी दीड एकर ऊस आणि डोक्यावर सोसायटीचं कर्ज. इंग्लंडात बारावीनंतर तीन वर्षांत वकील होतात. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एकाच वेळी दोन पदव्या घ्यायला परवानगी दिली आहे, मग बी.कॉम. आणि एलएलबी एकदम का करू नये? आणि शेवटी, कुणीतरी ‘हजेरीची सोय’, म्हणजे कॉलेजात न जाता हजेरी लावून, करून देतो म्हणालाय, त्यात एवढं वावगं काय?

इंग्लंडपासून सुरुवात करते. तिथे तीन वर्षांत मिळते ती पदवी. सॉलिसिटर, म्हणजे सल्ला आणि कागदपत्रांचं काम करणारा वकील, व्हायला त्यानंतर 2021 पासून सुरू झालेली एसक्यूई ही परीक्षा आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. कोर्टात बाजू मांडणाऱ्या बॅरिस्टरला बारचा अभ्यासक्रम करून वर्षभर ज्येष्ठांच्या हाताखाली पुपिलेज, म्हणजे उमेदवारी, करावं लागतं. बेरीज पाचच्या आसपास येतेच. फरक आहे तो दुसरीकडे. त्या पुपिलेजच्या वर्षात उमेदवाराला ठरावीक किमान रक्कम द्यावीच लागते. आपण इंग्लंडकडून काही उचलायचं असेल तर ते हे उचलावं. यावर पुढे बोलते.

बारावीनंतर तीन वर्षांची एलएलबी आपल्याकडेही असावी, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात झाली होती. एप्रिल 2024 मध्ये सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठाने ती ऐकायला नकार दिला; या पेशाला परिपक्व माणसं लागतात, असं त्यांचं म्हणणं पडलं. पदवीनंतरच्या एलएलबीलाही तीन वर्षं लागतात, आणि ती कुठल्या कॉलेजच्या मर्जीने ठरलेली नाहीत. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, 1961 च्या कलम 24 मध्येच ती लिहिलेली आहेत. म्हणजे कायदेशीर वाटा दोनच: बारावीनंतर पाच वर्षं, किंवा पदवी अधिक तीन, म्हणजे सहा वर्षं.

बी.कॉम. आणि एलएलबी एकदम करता येत नाही. तीन वर्षांच्या एलएलबीला प्रवेशच मुळी हातात पदवी असल्यावर मिळतो. शिवाय यूजीसीच्या 2022 च्या त्या मार्गदर्शक सूचनांमध्येच म्हटलं आहे की संबंधित व्यावसायिक परिषदेचे नियम लागू राहतील. वकिली आणि कायद्याच्या शिक्षणावर देखरेख करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाचे 2008 चे नियम दोन नियमित अभ्यासक्रम एकदम करू देत नाहीत. ‘घरबसल्या एलएलबी’च्या जाहिराती फोनवर येत असतील तर त्यांच्या नादी लागू नका, त्यावर वकिलीची सनद, म्हणजे परवाना, मिळत नाही.

आता तुमच्या भावाचा खरा प्रश्न, पाच की सहा? इथे माझं मत बहुतेक सल्लागारांच्या उलट आहे. एक वर्ष वाचतं म्हणून सरसकट पाच वर्षांचा कोर्स घ्या, असं मी सांगणार नाही. त्या 2008 च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम मध्येच तोडून पहिली पदवी घेऊन बाहेर पडता येत नाही. बीएसएल, बीएलएसची, म्हणजे पाच वर्षांच्या कोर्सात मध्येच पहिली पदवी मिळण्याची, जुनी पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन पटत नाही, पण नियम तसा आहे. तिसऱ्या वर्षी घरात आजारपण निघालं, उसाचं बिल थकलं आणि पोराला कामाला लागावं लागलं, तर त्याच्या हाती बारावीचीच गुणपत्रिका राहते. बी.कॉम. केलेल्या पोराकडे तिसऱ्या वर्षाअखेर पदवी असते. तो बँकेच्या, सरळसेवेच्या परीक्षा देऊ शकतो, सीएकडे बसून दोन पैसे मिळवू शकतो आणि जमेल तेव्हा एलएलबीकडे वळू शकतो. ज्याच्या घरी फीची खात्री आहे त्याने पाच वर्षांचा कोर्स खुशाल घ्यावा. तुमच्या घरचं जे तुम्ही लिहिलंत त्यावरून मला तीन अधिक तीन जास्त सुरक्षित वाटतं.

‘हजेरीची सोय’ या शब्दांनी मात्र मी अस्वस्थ झाले. नियम सत्तर टक्के हजेरीचा आहे, आणि सप्टेंबर 2024 मध्ये बार कौन्सिलने बायोमेट्रिक हजेरी आणि नोकरी करणाऱ्यांसाठी ना हरकत प्रमाणपत्राचं परिपत्रक काढलं आहे. पण नियम घडीभर बाजूला ठेवा. शेवटच्या टप्प्यात मूट कोर्ट (सरावाचा खटला) आणि इंटर्नशिपचा पेपर असतो. त्यात 30 गुण एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला कोर्टात बसून पाहण्याचे आणि त्याची नोंद ठेवण्याचे. आणखी 30 गुण वकिलाच्या ऑफिसात पक्षकाराची मुलाखत कशी होते, दाव्याची तयारी कशी होते हे पाहण्याचे. सोय केलेलं पोर काय करतं? मागच्या बॅचचं जर्नल आणून रात्रीत उतरवून काढतं. साक्षीदाराचं नाव तेच, तारीख तेवढी नवी. ज्या खटल्यात ते कधी बसलंच नाही त्यातल्या उलटतपासणीचं वर्णन स्वच्छ अक्षरात लिहिलेलं असतं.

मग हीच मुलं सनद घेऊन आमच्या ऑफिसात येतात. एकाला मी दिवाणी दाव्यातली निशाणी 5 हातात दिली, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज. म्हटलं, आपण प्रतिवादीकडून आहोत, याला से, म्हणजे आपलं लेखी म्हणणं, लिही. तो तासभर कागदाकडे बघत बसला. शेवटी अर्जातला प्रत्येक परिच्छेद ‘खोटा आहे, कबूल नाही’ एवढं लिहून आणलं. आपल्या पक्षकाराचा ताबा कधीपासून आहे, सातबाऱ्यावर काय नोंद आहे, हे विचारायचं त्याला सुचलंच नाही. पोरगा हुशार होता. त्याला कुणी शिकवलं नव्हतं, कारण शिकवण्याच्या वेळी तो तिथे नव्हता. मग ते सगळं शिकण्यात त्याची सनदेनंतरची दोन वर्षं गेली. वाचवलेला वेळ तिथे दामदुपटीने वसूल होतो.

1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हाही हेच पाहिलं. खुनाचं 302 आता 103, फसवणुकीचं 420 आता 318. ज्यांनी गाइडमधून आकडे पाठ केले होते ते बार रूममध्ये अक्षरशः हवालदिल झाले होते. ज्यांना सदोष मनुष्यवध आणि खून यांतला फरक वर्गात नीट समजला होता, त्यांनी नवं पुस्तक चाळलं आणि ते कामाला लागले.

न्यायाधीश व्हायचं म्हणताय तर हे आधी भावाला सांगा. 20 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. ही अट 2002 साली काढून टाकली गेली होती, म्हणून पुष्कळांना वाटतं की पदवी मिळाली की लगेच फॉर्म भरता येतो. तसं आता नाही. निकाल देणाऱ्या पीठाचे प्रमुख होते आपल्या अमरावतीचे, तेव्हाचे सरन्यायाधीश गवई. ही तीन वर्षं तात्पुरत्या सनदेच्या, म्हणजे बार परीक्षेआधी मिळणाऱ्या सनदेच्या, तारखेपासून मोजली जातात, अखिल भारतीय बार परीक्षा पास झाल्यापासून नव्हे. खरी घाई इथे करायची. निकाल लागला की गुणपत्रिका आणि पासिंग सर्टिफिकेट घेऊन महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे अर्ज टाकायचा. ‘बघू दिवाळीनंतर’ म्हणत सहा महिने घालवणारी पोरं मी दरवर्षी बघते. अर्जाला फी जास्त लागते म्हणून थांबतात, पण जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की कायद्यात ठरलेल्या रकमेपेक्षा, म्हणजे खुल्या प्रवर्गाला 750 आणि अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपये यापेक्षा, जास्त नोंदणी शुल्क घेता येत नाही. आणि पहिल्या दिवसापासून वकीलपत्रावर आपलं नाव घालायला सीनियरला सांगायचं. पुढे अनुभवाचा दाखला दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाकडून घेऊन त्यावर न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची सही लागते. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, नावच नसेल तर ती कशाच्या आधारावर मिळणार?

तुमच्या रागाचं खरं कारण मला वाटतं ते असं. गरीब घरच्या मुलाला पदवीची पाच-सहा वर्षं जेवढी जड जात नाहीत, तेवढी नंतरची दोन-तीन जातात. घरच्यांना वाटतं पोरगा वकील झाला, आता पैसे येतील. आणि तो सीनियरकडून पेट्रोलपुरते पैसे मिळाले तरी धन्य मानत असतो. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरला शहरात महिना 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत असं सुचवलं. पण ती शिफारस आहे, बंधन नाही, आणि तालुक्याच्या बारमध्ये तिची चर्चासुद्धा झालेली मी ऐकली नाही. कोल्हापूरला ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गची हायकोर्टातली कामं इथे येऊ लागली आहेत, सीनियर मंडळींना हाताखाली माणसं हवी आहेत. विद्यावेतन मागायची हीच वेळ आहे. पदवीतलं एक वर्ष कमी करा म्हणून भांडण्यापेक्षा आपण सगळ्यांनी यासाठी भांडावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मी माझ्या ज्युनिअर्सना देते, आणि ज्यांना देणं शक्य आहे त्यांनी द्यावं असं बारच्या बैठकीत उभं राहून बोलते.

तर भावाला आता बारावीचा अभ्यास नीट करू द्या. पाच वर्षांच्या लॉ सीईटीचा फॉर्म भरायला लावा, त्याने काही बिघडत नाही. सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात, घरून जा-ये करता येईल अशा ठिकाणी नंबर लागला आणि फीची सोय दिसली तर जरूर घ्या. नाही लागला तर लांबच्या महागड्या कॉलेजसाठी कर्ज काढू नका, बी.कॉम.ला घाला. शिष्यवृत्तीचा अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर वेळेत भरा. उत्पन्नाचा दाखला आणि लागू असेल तर जात पडताळणी यांच्या मागे आत्तापासूनच लागा, कारण त्यातच मुलांचे प्रवेश अडकतात. आणि हजेरीची सोय करणाऱ्या त्या माणसाला आगाऊ पैसे दिले असतील तर ते याच आठवड्यात परत मागा. देत नसेल तर मला इथेच कळवा, नोटीस मी लिहून देईन.