मग उजवीकडचं वापरायचं ना!

दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांब होणार आहे. घाईत असाल तर नंतर वाचा, पण अर्धवट वाचून कमेंट करू नका.

आज सकाळी एका मैत्रिणीनं एक अलक (अति लघुकथा, दोन-तीन ओळींची) टाकली, सोबत स्वतः काढलेला फोटो. फोटोत पलंगाशेजारचा स्विचबोर्ड. दोन सॉकेट, दोन्ही रिकामी, आणि खाली लोंबणारी चार्जरची वायर. त्याखाली तीन वाक्यं (तिला विचारूनच इथे देतेय):

"उजवीकडचं सॉकेट त्याचं. काल रात्री डावीकडचं बिघडलं. माझा मोबाइल सकाळपर्यंत बंद होता."

वाचलं आणि मी मोबाइल उपडा ठेवला. पुढची काही मिनिटं मला दुसरं काही वाचवेना. तो कोण, कुठे गेला, कधी गेला, यातलं काही तिनं सांगितलं नव्हतं, आणि तरी ती अख्खी रात्र मला कळली होती. हात पुढे गेला असेल, मागे आला असेल. अंधारात पडल्या पडल्या स्वतःचाच राग आला असेल.

दुपारी परत गेले तर खाली कमेंटींचा ढीग. पहिलीच: "मग उजवीकडचं वापरायचं ना!" तिच्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मग, "घटस्फोट की मृत्यू? स्पष्ट करा." मग, "छान प्रयत्न, पण शेवटी धक्का हवा होता." आणि एक ज्येष्ठ गृहस्थ, स्वतः लिहितात, त्यांचं म्हणणं असं की ही कथाच नव्हे, हे कॅप्शन आहे, हल्ली फोटो जोडला की कोणीही लेखक होतो.

थोड्या वेळानं पोस्ट दिसेनाशी झाली. तिनं काढून टाकली.

मला त्या हसणाऱ्यांचा राग आलाच, पण त्याहून जास्त आला तो "स्पष्ट करा"वाल्यांचा. एखादी बाई तुमच्यासमोर तीन वाक्यं ठेवते. त्या तिनात तिनं न ठेवलेलं काय काय आहे, हे दिसत नाही का तुम्हाला? आणि दिसत असेल तर ते ओढून बाहेर काढायचा हक्क तुम्हाला कोणी दिला?

आता मला माझ्या दादाबद्दल सांगायचंय. त्याची परवानगी घेतली आहे.

दादा स्वतःबद्दल बोलत नाही. कधीच नाही. लहानपणी हात मोडला होता तेव्हाही संध्याकाळपर्यंत बोलला नव्हता. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो वाढदिवसाला केकचं चित्र टाकतो, बाकी गप्प. अशा माणसानं एका रात्री ग्रुपवर एक फोटो टाकला. दाराशी काढून ठेवलेले त्याचे ऑफिसचे काळे बूट. पॉलिश केलेले. एका बुटाच्या तळाला चिकटलेलं वाळकं पान. आणि खाली:

"मुलीनं विचारलं, बाबा, तुमच्या ऑफिसात झाडं आहेत का? मी हो म्हणालो."

मी ते दोनदा वाचलं आणि त्याला फोन लावला. तो म्हणाला, "अगं काही नाही, सहज टाकलं." मी म्हटलं, "दादा, कधीपासून?" तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पावसाळ्यापासून."

नोकरी गेली होती. रोज सकाळी तयार होऊन निघायचा, बागेत बसायचा, संध्याकाळी परत यायचा. वहिनीलाही माहीत नव्हतं.

ग्रुपवर तोवर एका काकांचा अंगठा येऊन पडला होता. एका मामींनी लिहिलं होतं, "बूट छान आहेत, कुठून घेतले?"

मामींवर माझा राग नाही. त्यांनी फोटो पाहिला, खालची ओळ वाचली नसेल. पण ते बूट मी तेव्हापासून पुन्हा पुन्हा पाहतेय, आणि मला त्यातून काहीतरी कळलंय. नुसता फोटो पाहा: तळाला पान चिकटलेला बूट. नुसती ओळ वाचा: मुलीचा गोड प्रश्न आणि बापाचं उत्तर. दोन्ही शेजारी ठेवा, आणि माणूस उघडा पडतो. ओळीत बागेचा उल्लेख नाही, फोटोत मुलगी नाही. जे सांगायचं होतं ते या दोन्हींच्या मधल्या जागेत आहे, आणि तिथे वाचणाऱ्यालाच जावं लागतं. दादानं ते तिथे का ठेवलं? कारण "माझी नोकरी गेली" हे वाक्य त्याच्या तोंडून निघत नव्हतं.

हे कॅप्शन आहे म्हणणाऱ्यांनी एवढं तरी पाहावं. कॅप्शन फोटोत काय आहे ते सांगतं. दादाची ओळ फोटोत काय नाही ते सांगते.

आणि लांबीचं म्हणाल तर उर्दू कथाकार मंटोनं फाळणीवर 'स्याह हाशिये'मध्ये दोन-दोन, तीन-तीन ओळींच्या कथा लिहिल्या, १९४८ साली. त्यांना कोणी कॅप्शन म्हणून दाखवावं.

बरं, एक कबूल करते. या प्रकारात कचरा खूप आहे. रोज दिसतो. नेटवरून उचललेला पावसातल्या खिडकीचा फोटो आणि खाली "ती वाट पाहत राहिली... तो मात्र फोटोफ्रेममध्ये हसत होता." सगळं बेतलेलं. शेवटच्या ओळीत कोणीतरी मेलेलं निघालंच पाहिजे, असा जणू नियम झालाय. यात लिहिणाऱ्याचं काहीच पणाला लागलेलं नसतं. ज्येष्ठ गृहस्थांचा वैताग तिथे खरा आहे. पण तो वैताग त्यांनी माझ्या मैत्रिणीवर काढला, आणि नेमकं जिथे सगळं पणाला लागलं होतं तिथे काढला.

ती प्रसिद्ध सहा शब्दांची गोष्ट घ्या, बाळाचे न वापरलेले बूट विकायला काढल्याची. सगळे ती अमेरिकन लेखक हेमिंग्वेच्या नावावर खपवतात. त्यानं लिहिल्याचा काही पुरावा नाही, आणि तशा अर्थाचा मजकूर तो शाळकरी पोरगा होता तेव्हाच अमेरिकन वर्तमानपत्रांत येऊन गेला होता. ते असो. मला वेगळंच म्हणायचंय. त्या गोष्टीला बाळाच्या बुटांचा फोटो जोडून बघा. मेली ती गोष्ट. डोळ्यांसमोर जे आपोआप आलं होतं तेच कोणीतरी दाखवून टाकलं. फोटो जोडायचा तर त्यानं गोष्टीला काहीतरी नवं द्यायला हवं, किंवा तिच्या विरुद्ध तरी उभं राहायला हवं. आणि जोडायचा नसेल तर तेही धाडसच आहे. रोलाँ बार्थ या फ्रेंच लेखकानं आई गेल्यावर फोटोग्राफीवर अख्खं पुस्तक लिहिलं, १९८० मध्ये आलं ते. त्याच्या मध्यभागी आईचा लहानपणचा एक फोटो आहे. त्याबद्दल पानंच्या पानं आहेत, पण तो फोटो पुस्तकात छापलेला नाही. त्याचं कारण तो स्वतःच देतो: तुमच्यासाठी तो हजारो फोटोंसारखाच एक असेल, त्यात तुम्हाला जखम दिसणार नाही.

हे वाचताना मला बूटच आठवत होते. बुटाला चिकटलेल्या त्या वाळक्या पानाची जखम फोटोत नव्हतीच. ती ओळीमुळे झाली.

कोणी म्हणेल, इतकं मनाला लागलंय तर सविस्तर लिहा की, तीन ओळींत उरकता कशाला. उरकता! सोफी काल नावाच्या फ्रेंच कलावंत बाईचं काम या लोकांनी पाहावं असं मला फार वाटतं. १९८५ च्या जानेवारीत दिल्लीतल्या एका हॉटेलात ती तिच्या प्रियकराची वाट पाहत होती. तो आला नाही. फोनवर कळलं, दुसरी कोणी आहे. परत गेल्यावर ती भेटेल त्याला हीच हकीकत सांगत सुटली, आणि प्रत्येकाला विचारायची, तुम्हाला सगळ्यात जास्त कधी दुखलं? पुढे तिनं ते सगळं मांडलं. त्या खोलीतल्या लाल टेलिफोनचा एकच फोटो, पुन्हा पुन्हा, आणि खाली तीच हकीकत, दर वेळी थोडी वेगळी. शेजारी दुसऱ्या कुणाचं दुःख. जसजसे दिवस जातात तसतशी तिची हकीकत आटत जाते. अक्षरंही फिकट होत जातात. शेवटी शेवटी काही ओळीच राहतात.

म्हणजे आधी लांबलचक होतं. सांगून सांगून, सोसून सोसून ते लहान झालं. माझ्या मैत्रिणीची तीन वाक्यं लिहायला तिला किती काळ लागला असेल, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मलाही नाही, पण तो काळ त्या वाक्यांत आहे. दादानं मला नंतर सांगितलं की त्यानं त्याआधी कितीतरी रात्री मोठाले मेसेज टाइप केले होते. वहिनीला, मला, ऑफिसातल्या जुन्या मित्राला. सगळ्यांत खुलासे होते, कंपनीचं काय चुकलं, त्याचा काय दोष नव्हता. सगळे पुसले. मग एका संध्याकाळी बूट काढताना ते पान दिसलं आणि मुलीनं तो प्रश्न विचारला. तेव्हा ओळ आली.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. पण एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल तो उतरणार नाही.

दुसऱ्याचा फोटो काढून त्याखाली आपली गोष्ट चिकटवणारे. रस्त्यावर झोपलेली म्हातारी, कचऱ्यात हात घातलेलं पोर, दवाखान्याच्या पायरीवर रडणारा कोणी. खाली आपली चार हृदयस्पर्शी वाक्यं, आणि वर "डोळ्यांत पाणी आलं" अशा कमेंटी गोळा करायच्या. कुणाचं दुःख हे? विचारलं होतं त्याला? डोरोथिया लँग या अमेरिकन फोटोग्राफर बाईनं १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला, जगभर गाजला. लँगनं तिला नावही विचारलं नव्हतं. लँगनं पुढे हकीकत सांगितली की यांनी पोटासाठी गाडीचे टायर विकले होते. चाळीसेक वर्षांनी, १९७८ मध्ये, ती बाई सापडली, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. तो फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, असं तिचं म्हणणं होतं. आणि घरच्यांचं म्हणणं, टायर विकलेच नव्हते. हा फोटो थोर आहे, त्यानं त्या तळावर अन्न पोचलं, हे मला मान्य आहे. तरीही एका बाईला आयुष्यभर दुसऱ्यानं लिहिलेल्या गोष्टीखाली राहावं लागलं, हेही तितकंच खरं आहे.

जिम गोल्डबर्ग या अमेरिकन फोटोग्राफरनं उलटं केलं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या श्रीमंतांचे आणि गरिबांचे त्यांच्या घरात फोटो काढले, आणि प्रिंट त्यांच्याच हातात देऊन म्हणाला, यावर तुम्हीच लिहा. माणसांनी आपापल्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं. १९८५ साली त्याचं पुस्तक झालं. ती अक्षरं बघताना अंगावर काटा येतो, कारण तिथे फोटोतला माणूस स्वतः बोलतोय. काय झाकायचं तेही तोच ठरवतोय.

मला एवढंच हवंय. उघडं व्हायचं तर ज्यानं त्यानं स्वतःच्या हातानं व्हावं. माझ्या मैत्रिणीनं तेच केलं होतं. आपला पलंग, आपला स्विचबोर्ड, आपली रात्र. दुसऱ्या कुणालाही वापरलं नाही, तो जो गेला त्यालाही नाही. त्याच्याबद्दल एक वाईट शब्द नाही त्यात. आणि तिलाच पोस्ट काढावी लागली.

"मग इतकं नाजूक आहे तर चारचौघांत टाकायचं कशाला?" हेही एकानं विचारलंय. ठीक आहे, प्रश्न अगदीच चुकीचा नाही. चारचौघांत टाकलं की चौघं काहीही बोलणार. पण दादानं मला एकटीला पाठवलं असतं तर एक गोष्ट घडलीच नसती, ती सांगते.

त्या रात्री उशिरा, मामींच्या बुटांच्या चौकशीनंतर, ग्रुपवर आमच्या एका चुलतभावाचा फोटो आला. हा तर दादापेक्षा गप्प. गजराच्या घड्याळाचा फोटो, काटा साडेपाचवर. खाली लिहिलं होतं:

"मी अजून बंद केला नाही. बायकोला वाटतं सवय आहे."

त्याचंही तेच झालं होतं, आमच्या कुणालाच पत्ता नव्हता. त्यानं दादाला "काळजी करू नकोस" म्हटलं नाही, "काय झालं" विचारलं नाही, सल्ला दिला नाही. आपला एक फोटो काढला, आपली एक ओळ लिहिली आणि शेजारी ठेवली. दादानं त्याला तिथल्या तिथे फोन केला. मग वहिनी उठून बाहेर आली, आणि तिला सगळं कळलं, ते त्या फोनवरच्या बोलण्यातून.

मैत्रिणीला मी मघाशी मेसेज केलाय की परत टाक. टाकेल की नाही, तिची मर्जी. टाकली, तर खाली लिहायला काही सुचत नसेल तर लिहू नका. वाचलं एवढं म्हणा. किंवा तुमच्या घरातला तसा एक कोपरा असेल, तर त्याचा फोटो काढा.

आणि दादाला पुढे नोकरी लागली का, हे या पोस्टखाली विचारू नका. मी सांगणार नाही.