फाईल हॉस्पिटलची म्हणून माहितीही हॉस्पिटलचीच?

‘फाईल ही हॉस्पिटलची मालमत्ता आहे. डिस्चार्ज कार्ड सोडून रुग्णाला काही द्यायची सक्ती नाही, बाकी हवं तर कोर्टाची ऑर्डर आणा. पोलीस आणि नवरा-बायको यांना मात्र फाईल दाखवावीच लागते. सरकारी हॉस्पिटलात माहिती अधिकार टाकला की कुणाचीही फाईल मिळते. तीन वर्षांनी सगळं नष्ट करायचा नियम आहे.’ अशा आशयाचा मजकूर व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा येतो आणि माणसं त्यावर विसंबून हक्क सोडून देतात. खरी स्थिती जवळजवळ उलटी आहे. रुग्णाला स्वतःची कागदपत्रं मागायला कारण द्यावं लागत नाही. कायदेशीर आधार दाखवायचा असतो तो बाकीच्यांनी.

मालमत्तेचा मुद्दा अर्धाच खरा आहे. मूळ कागद सांभाळायची जबाबदारी हॉस्पिटलची, म्हणून मूळ फाईल तिथेच राहते. पण प्रत नाकारता येत नाही. झेरॉक्सचा खर्च घेऊन रुग्णाला किंवा नातेवाइकांना केस पेपरची प्रत द्यावी, हे मुंबई उच्च न्यायालयाने रघुनाथ रहेजा प्रकरणात १९९६ सालीच सांगितलं. पुढे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनी मुदतही घालून दिली: रुग्णाने, त्याने अधिकार दिलेल्या नातेवाइकाने किंवा संबंधित कायदेशीर यंत्रणेने मागणी केली की पोच द्यायची आणि ७२ तासांत कागद द्यायचे. न देणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरतं. कोर्टाच्या ऑर्डरची अट त्यात नाही, बिल चुकतं केल्याचीही नाही. २०२३ चे नवे विनियम आले आणि त्याच ऑगस्टमध्ये स्थगित झाले, त्यामुळे ७२ तासांचाच हिशेब धरायचा.

हक्क असूनही लोक रिकाम्या हाताने परततात, कारण अर्जात ‘सर्व कागदपत्रं मिळावीत’ एवढंच लिहिलेलं असतं आणि हातात डिस्चार्ज कार्डाची दुसरी प्रत पडते. अर्जात रुग्णाचं नाव, आयपीडी नंबर (दाखल रुग्णाला दिलेला क्रमांक), दाखल झाल्याची आणि घरी सोडल्याची तारीख लिहा. मग एकेक कागद नावानिशी मागा: डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंग नोट्स, औषधांचा चार्ट, ऑपरेशन आणि भुलीच्या नोंदी, आयसीयू चार्ट, सह्या घेतलेले संमतिपत्र, सगळे तपासणी अहवाल, सीटी-एमआरआयची सीडी, तपशीलवार बिल. वाद उभा राहिला की नर्सिंग नोट्स आणि औषधांचा चार्ट सगळ्यात कामाला येतात, कारण कोणत्या वेळी काय दिलं ते तिथेच असतं; आणि नेमके तेच कागद गळतात. अर्ज दोन प्रतींत न्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि वेळ घ्या. शिक्का देत नसतील तर त्याच दिवशी रजिस्टर पोस्टाने पाठवा. मागितल्याचा पुरावाच नसेल तर ७२ तास कधी सुरू झाले हे दाखवता येत नाही. रुग्ण स्वतः जाऊ शकत नसेल तर त्याच्या सहीचं अधिकारपत्र आणि दोघांची ओळखपत्रं जोडा. तरी नकार आला तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जाता येतं, पण परिषद कारवाई करते ती नोंदणीकृत डॉक्टरवर. तक्रारीत फक्त हॉस्पिटलचं नाव घालू नका, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं नाव घाला.

पोलिसांचं काय? अपघात, मारहाण, विषबाधा अशी मेडिको-लीगल केस आली की पोलिसांना कळवायचं असतं. पण कळवणं वेगळं आणि आख्खी फाईल देणं वेगळं. कागद हवे असतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ९४ खाली ठाणे प्रभारींचा लेखी आदेश किंवा न्यायालयाचं समन्स लागतं. हवालदाराच्या तोंडी मागणीवर फाईल हलवू नये. पत्रावर गुन्हा क्रमांक आणि अधिकाऱ्याचं पद आहे का ते पाहावं, साक्षांकित प्रत द्यावी, आणि मूळ कागद न्यायचेच म्हटलं तर झेरॉक्स ठेवून पावती घ्यावी. उलट बाजूही सांगायला हवी: वकिलाला अशिलाच्या गुपिताचं जे संरक्षण आहे ते डॉक्टरला नाही. न्यायाधीशांनी आदेश दिला की सांगावंच लागतं.

सगळ्यात घातक ओळ नवरा-बायकोची. लग्नामुळे जोडीदाराची फाईल उघडत नाही. गर्भपाताच्या बाबतीत तर गर्भपात कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ५अ स्पष्ट आहे: कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीशिवाय कुणाला त्या स्त्रीचं नाव किंवा तपशील सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. सज्ञान स्त्रीला नवऱ्याची संमतीही लागत नाही.

एचआयव्हीबद्दल १९९८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा दाखला दिला जातो. होणाऱ्या बायकोच्या जिवाला धोका असताना हॉस्पिटलने माहिती उघड केली म्हणून गोपनीयतेचा भंग झाला नाही, असा तो निकाल होता. पण १० सप्टेंबर २०१८ पासून २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा लागू आहे आणि आता त्याच्या पायऱ्या पाळाव्या लागतात. जोडीदाराला खरोखर मोठा धोका हवा, रुग्णाने स्वतः सांगावं म्हणून त्याचं समुपदेशन झालेलं हवं, तो सांगणार नाही अशी डॉक्टर किंवा समुपदेशकाची खात्री हवी, आणि ‘आता मी सांगणार’ हे रुग्णाला आधी कळवलेलं हवं. मगच जोडीदाराला समोर बसवून, समुपदेशन करून सांगायचं. रुग्ण स्त्री असेल आणि सांगितल्यामुळे तिच्यावर मारहाणीची किंवा घराबाहेर काढलं जाण्याची वाजवी भीती असेल तर तिच्या जोडीदाराला कळवण्याचं बंधन नाही. फोनवर सासऱ्यांना रिपोर्ट वाचून दाखवणं यात कुठेच बसत नाही.

माहिती अधिकाराबाबत गोंधळ होतो तो सुरूपसिंग नाईक प्रकरणामुळे. न्यायालयाच्या अवमानाबद्दल शिक्षा झालेले हे माजी मंत्री कोठडीच्या काळात जे. जे. रुग्णालयात होते आणि त्यांचे कागद माहिती अधिकारात मागितले गेले. सरकारी रुग्णालयात दाखल असलेल्या कैद्याचे कागद साधारणपणे द्यावेत, असं २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं. ते कैद्यापुरतं आहे. शेजाऱ्याची फाईल त्या निकालावर मागता येत नाही.

उरली तीन वर्षं. विनियमांतली तीन वर्षं ही आंतररुग्णांचे (दाखल झालेल्या रुग्णांचे) कागद किमान किती काळ ठेवायचे याची मुदत आहे, आणि ती उपचार सुरू झाल्यापासून मोजतात. त्यानंतर नष्ट केलेच पाहिजेत असं त्यात नाही. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची, म्हणून अर्ज लांबवू नका. ओपीडीच्या कागदांना ही तीन वर्षांची तरतूद नाही. ती चिठ्ठी आणि रिपोर्ट घरीच तारखेनुसार लावून ठेवा.