‘आता सगळं फुकट आहे’ म्हणणाऱ्या काकांना जूनचा हिशेब

निकालाचे दिवस आले की नागपुरातल्या आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदा तो काकांनी टाकला. काका महसूल खात्यातून रिटायर झालेले, माणूस सज्जन. पाण्याच्या मोटारीवरून भांडण झालं तर मिटवायला तेच येतात. मेसेज असा:

‘गरिबाच्या पोरांना आज इंजिनिअरिंगपर्यंत शिक्षण फुकट. वर राहायला-खायला वर्षाला ६० हजार. मुलींची तर फी शंभर टक्के माफ. उरलेल्यांना बँक बिनतारण कर्ज देते. फॉर्म मोबाइलवर पाच मिनिटांत. बाबासाहेब दिव्याखाली शिकले, यांना सगळं देऊनही शिकायचं नाही!’

खाली एकवीस अंगठे.

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या जीआरमध्ये, म्हणजे शासन निर्णयात, सापडेल, म्हणून तर उत्तर द्यायला बसले. धादांत खोटं असतं तर सोडून दिलं असतं.

‘शिक्षण फुकट.’ मी अनुसूचित जातीच्या पोस्ट मॅट्रिक, म्हणजे दहावीनंतरच्या, स्कॉलरशिपवर शिकले, त्यामुळे योजना कागदावरच असतात असं मी म्हणणार नाही. घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं. पण कधी भरतं? माझी ॲडमिशन जुलैत झाली. आई तेव्हा भिवापूरला मिरचीच्या सातऱ्यावर (मिरची निवडायच्या आवारात) देठं खुडायला जायची. स्कॉलरशिपच्या पोरांकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क मागू नये, असं सरकारचं कॉलेजांना सांगणं आहे. आमच्या कॉलेजच्या खिडकीतला माणूस म्हणाला, ‘आत्ता भरा, स्कॉलरशिप आली की परत देऊ.’ आई माझ्याकडे बघत म्हणाली, ‘काहून गं, फुकट हाय म्हणत होते ना?’

तिने बचत गटातून २० हजार उचलले, महिन्याला शेकडा दोन व्याजाने. पैसे परत मिळाले ते चौदा महिन्यांनी. व्याज झालं ५,६०० रुपये. माझ्या फुकट शिक्षणाची ही किंमत मला पाठ आहे. ज्याच्या बँकेत २० हजार पडून असतात, त्याला चौदा महिने म्हणजे थोडी गैरसोय. आमच्याकडे तेवढ्यात कॉलेज सुटतं.

आता पद्धत बदलली आहे. २०२१ पासून केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फीची रक्कम त्याने सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. राज्याचा ४० टक्के वाटा वेगळा येतो. हेतू चांगला आहे, मधले दलाल गेले. पण वडिलांच्या ऑपरेशनच्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम दिसली, तर त्यातले किती आपले आणि किती कॉलेजचे, हे त्या पोराला कोण सांगणार? घरात कोणी कॉलेजात गेलेलं नसतं. पुढे कॉलेज टीसी अडवतं तेव्हा कळतं.

आणि फीपलीकडे हातात काय पडतं, तेही सांगते. केंद्राच्या त्याच नियमांत बीए-बीएस्सी करणाऱ्या, घरून ये-जा करणाऱ्या मुलाला वर्षाला ३,००० रुपये भत्ता आहे. महिन्याला २५०. आपल्याकडे त्यात रोज तर्री-पोहेसुद्धा होत नाहीत. व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर ७,०००.

‘वर ६० हजार.’ ही स्वाधार योजना. सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी आहे. आदिवासी मुलांसाठी स्वयम्, ओबीसी-भटक्यांसाठी आधार योजना अशाच धर्तीच्या. नागपूर मोठ्या शहरांच्या गटात येतं, म्हणून ६० हजार: जेवणाचे ३२, राहण्याचे २०, किरकोळ खर्चाचे ८. दहा महिने धरले तर मेसला महिन्याला ३,२०० आणि खोलीला २,०००. शहरातल्या नंदनवन भागात तिघांत एक खोली घेऊन पोरं भागवतात. योजना चांगली आहे, माझं भांडण तिच्याशी नाही. पण ती शहरात बाहेरून येणाऱ्यांसाठी आहे. नागपुरातल्याच झोपडपट्टीत राहणाऱ्या रिक्षावाल्याच्या मुलाला स्वाधार लागू होत नाही, तो आपल्या त्या २५०वर. आणि भत्ता मागायला आधी खोली घेऊन राहावं लागतं, भाडेकरार दाखवावा लागतो, हजेरीचा दाखला आणावा लागतो. डिपॉझिट आणि पहिले काही महिने कुठून आणायचे, हे मेसेजमध्ये नाही.

मुलींच्या फीबद्दल थोडक्यात. जीआर ८ जुलै २०२४चा. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा) आणि ओबीसी मुली, उत्पन्न ८ लाखांपर्यंत, व्यावसायिक अभ्यासक्रम, प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून. मॅनेजमेंट कोटा आणि खासगी अभिमत विद्यापीठं वगळून. माफ होतं ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क, वसतिगृह नाही, मेस नाही, कॉलेजची बाकीची शुल्कं नाहीत. आणि त्याच घरातल्या ओपनमधल्या भावाला राजर्षी शाहू योजनेत निम्मीच फी.

‘बँक कर्ज देते.’ नियमाप्रमाणे ४ लाखांपर्यंत तारण मागता येत नाही, खरं आहे. अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल तर साडेचार लाखांच्या आतल्या घरांना शिकत असतानाचं व्याजही केंद्र भरतं. नोव्हेंबर २०२४मध्ये आलेली पीएम विद्यालक्ष्मी ही कर्ज योजना देशातल्या निवडक संस्थांपुरती आहे, इथल्या व्हीएनआयटी या केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजात लागलेल्याला तिचा उपयोग. (व्हीएनआयटीत अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना आणि वर्षाला १ लाखाच्या आतल्या घरांना तसंही शिक्षण शुल्क नसतं. हे आमच्याकडे किती मुलांना माहीत असतं, विचारून बघा.) पण तारण नसलं तरी सहकर्जदार म्हणून आईबाप लागतात, आणि मॅनेजर त्यांचा सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) बघतो. मायक्रोफायनान्सचे दोन हप्ते थकलेले असले की तो गोड बोलून ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणतो. त्यात कोणत्या बापाला नोकरीची खात्री नसलेल्या बीएसाठी चार लाख डोक्यावर घ्यावेसे वाटतील? तुम्ही त्याला हिंमत नाही म्हणता, मी त्याला हिशेब येतो म्हणेन.

आता ‘पाच मिनिटांत फॉर्म’. काका, इथे मात्र तुम्ही बोलायला नको होतं.

दर रविवारी सकाळी मी आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत महाडीबीटीचे, म्हणजे राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलचे, फॉर्म भरून देते. पोट्टे येतात ते प्लास्टिकची पिशवी घेऊन. फॉर्म भरायला खरंच पाच मिनिटं लागतात. पिशवी भरायला वर्ष लागतं. उत्पन्नाचा दाखला: आई चार घरी भांडी घासते, तिचं उत्पन्न कोण लिहून देणार? बँक खातं: फॉर्ममध्ये तुम्ही काहीही लिहा, पैसा आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. एका पोरीचे पैसे अकरावीत असताना कुठल्याशा कॅम्पमध्ये उघडलेल्या, तीही विसरलेल्या खात्यात जाऊन पडले होते. फॉर्म ‘सेंड बॅक’ झाला, म्हणजे दुरुस्तीसाठी परत आला, तर लॉगिनमध्ये दिसतो, पण लॉगिन ज्याच्या मोबाइलवर होतं तो भाऊ कामाला पुण्याला गेलेला.

या सगळ्यावर कडी म्हणजे जात वैधता, जातीचा दाखला खरा असल्याचं समितीचं प्रमाणपत्र. इंजिनिअरिंग, फार्मसीला राखीव जागेवर बसायचं तर ती लागते. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा पुरावा हवा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. सगळ्यात सोपा पुरावा आजोबांच्या शाळेचा दाखला. माझ्या आजोबांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. शाळेत घेत नव्हते म्हणून सवलत, आणि सवलतीसाठी शाळेचा दाखला! वडिलांची किंवा चुलत्याची व्हॅलिडिटी असेल तर काम पटकन होतं. म्हणजे ज्यांच्या घरात आधी कोणी शिकलं त्यांची वाट मोकळी, आणि घरातला पहिलाच असेल तो तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुकाची (गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल शोधत फिरणार. माझ्या वेळी वडिलांच्या चार मजुऱ्या बुडाल्या. पाचव्या खेपेला पणजोबांच्या नावाची एक मृत्यूची नोंद सापडली, जातीसकट.

राहता राहिले बाबासाहेब. आपण दीक्षाभूमीच्या गावात राहतो, निदान इथे तरी हे नीट सांगू या. दिव्याखाली अभ्यास केला असेलच, फी मात्र दिव्याने भरली नाही. एल्फिन्स्टनमध्ये बीए करताना सयाजीराव गायकवाडांची महिन्याला २५ रुपये शिष्यवृत्ती होती. १९१३ साली कोलंबियाला गेले तेही बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. आणि पुढचं कोणी फॉरवर्ड करत नाही: शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. परत जायला १९२० उजाडलं. साठवलेला पगार, शाहू महाराजांची मदत, पारशी मित्राकडून घेतलेलं कर्ज, असं जुळवलं तेव्हा. बुद्धी तीच होती, पैशाची तारीख चुकली की बाबासाहेबांचीही तीन वर्षं जातात. म्हणूनच व्हाइसरॉयच्या मंडळात गेल्यावर त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचा पाठपुरावा केला आणि १९४४मध्ये ती सुरू झाली. तुमच्या मेसेजमधलं ‘फुकट शिक्षण’ म्हणजे बाबासाहेबांचंच काम, काका. त्यांचं नाव घेऊन त्यालाच टोमणा मारायचा म्हणजे कमालच.

मोबाइल भारी की साधा याबद्दल मेसेजमध्ये काही नव्हतं, पण खाली एकाने ‘यांच्याकडे मोबाइल मात्र भारी असतो’ असं लिहिलं. ॲडमिशन, कॅप राउंड, ओटीपी, स्कॉलरशिप, सगळं त्यावरच आहे. पुढे जाऊ.

ग्रुपवर हे सगळं लिहिलं तर ॲडमिन म्हणेल राजकारण नको, म्हणून इथे लिहिते आहे आणि काकांना लिंक पाठवते आहे. काका, तुम्ही तीस वर्षं तहसीलमध्ये होता. कोतवाल बुकातलं ते जुनं किरटं अक्षर आम्हाला वाचता येत नाही. सध्या एका पोराची नक्कल टेबलावर पडून आहे, नावाच्या पुढचा शब्द जात आहे की गाव, यावर आमचं तिघांचं एकमत होत नाही. त्याला महिनाअखेर कागद जमा करायचा आहे. रविवारी नऊ वाजता अभ्यासिकेत आम्ही असतोच. चष्मा घेऊन या.